साखरेची पर्यायी मधुरके

साखरेसारखी गोडी देणाऱ्या, परंतु त्या गोडीच्या मानाने नगण्य ऊर्जा पुरविणाऱ्या पदार्थांना साखरेची पर्यायी मधुरके म्हणतात. सुमारे ५ ग्रॅ. साखरेपासून शरीरास २० किलोकॅलरी ऊर्जा मिळते; तितकीच गोडी सॅकॅरिनाच्या काही मिलिग्रॅमांत मिळते व त्यापासून ऊर्जा मुळीच मिळत नाही. मधुमेही व वजन कमी करू इच्छिणारे यांना त्यांचे आकर्षण वाटते, ते यामुळेच. या पदार्थांचा इतिहास मात्र रसायनशास्त्राइतकाच कायद्याचा, व्यापाराचा आणि लोकांच्या भीतीचाही आहे.

गोडीसाठी साखरेव्यतिरिक्त दुसरे काही वापरण्याची प्रथा प्राचीन आहे. रोमन लोक द्राक्षांचा रस शिशाच्या भांड्यांत आटवून त्याचा पाक मद्यात व अन्नात घालीत. या रीतीने तयार होणारे शिशाचे अ‍ॅसिटेट चवीला गोड, पण विषारी असते. गोडीवरून पदार्थाची निर्धोकता ठरविता येत नाही, याचे हे जुने उदाहरण होय.

सॅकॅरीन : पहिले संश्लेषित मधुरक १८७९ मध्ये अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्झ विद्यापीठात सापडले. आयरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत डांबरापासून मिळणाऱ्या संयुगांवर काम करीत असताना कॉन्स्टंटीन फालबेर्ख यांना जेवताना हाताला लागलेला पदार्थ अतिशय गोड असल्याचे आढळले. पुढे फालबेर्ख यांनी एकट्याच्या नावे एकस्वे घेतली व जर्मनीत माग्डेबुर्क जवळ कारखाना काढला. त्यामुळे दोघांत कायमचे वितुष्ट आले. सॅकॅरीन साखरेच्या सु. ३०० पट गोड असून त्याची चव मागाहून किंचित कडवट लागते. बीट साखरेच्या उत्पादकांना या स्वस्त स्पर्धकाची धास्ती वाटली आणि १९०२ मध्ये जर्मनीत त्याची विक्री औषधालयांपुरती मर्यादित करण्यात आली. परिणामी स्वित्झर्लंडमधून त्याची चोरटी आयात होऊ लागली.

अमेरिकेत शुद्ध अन्न कायद्याचे (१९०६) पुरस्कर्ते हार्वी वायली यांनी सॅकॅरिनावर बंदी घालण्याचा आग्रह धरला. राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट हे वैद्याच्या सल्ल्यावरून स्वतः सॅकॅरीन घेत असल्याने त्यांनी हे मत धुडकावून लावले व प्रश्न रेमसेन यांच्याच अध्यक्षतेखालील तज्ञमंडळाकडे सोपविला. अल्प प्रमाणात सॅकॅरीन अपायकारक नाही, असा निर्वाळा मंडळाने दिला. तरीही १९१२ मध्ये सामान्य खाद्यपदार्थांतील त्याच्या वापरावर निर्बंध आले. साखर काढून सॅकॅरीन घातल्यास अन्नाचे पोषणमूल्य घटते व ग्राहकाची फसवणूक होते, असे त्यामागील कारण होते. ऊर्जा न पुरविणे हा त्या काळी दोष मानला गेला. अर्ध्या शतकानंतर तोच त्याचा मुख्य गुण ठरला. पहिल्या महायुद्धातील साखरेच्या टंचाईमुळे सॅकॅरिनाचा खप वाढला.

सायक्लामेट : इलिनॉय विद्यापीठातील विद्यार्थी मायकेल स्वेडा यांना १९३७ मध्ये प्रयोगशाळेत सिगारेट ओढताना याची गोडी जाणवली. ते साखरेच्या ३० ते ५० पट गोड आहे. सायक्लामेटाचे १० भाग व सॅकॅरिनाचा १ भाग या मिश्रणात कडवटपणा झाकला जात असल्याने १९६० नंतर अल्प-ऊर्जा पेयांचा व्यवसाय त्यावर भरभराटीस आला. अमेरिकेत १९५८ मध्ये अन्न कायद्यात जोडण्यात आलेल्या डिलेनी कलमानुसार मानवात वा प्राण्यांत कर्करोग उत्पन्न करणारा कोणताही पदार्थ अन्नात मिसळण्यास परवानगी देता येत नसे. १९६९ मध्ये वरील मिश्रण मोठ्या मात्रेत दिलेल्या २४० उंदरांपैकी ८ उंदरांच्या मूत्राशयात अर्बुदे आढळली आणि सायक्लामेटावर बंदी आली. नंतरच्या प्रयोगांनी या निष्कर्षास पुष्टी मिळाली नाही. अमेरिकेत बंदी कायम राहिली, तर यूरोपीय देशांत ते मर्यादित प्रमाणात वापरले जाते.

सॅकॅरिनावरही हीच वेळ आली. कॅनडातील प्रयोगांवरून १९७७ मध्ये त्या देशाने अन्नातील त्याच्या वापरावर बंदी घातली. अमेरिकेतही तसा प्रस्ताव आला. मात्र त्या वेळी बाजारात दुसरे मधुरक नसल्याने मधुमेही व आहारनियमन करणारे यांनी तीव्र विरोध केला. अमेरिकी काँग्रेसने बंदी स्थगित करून वेष्टनावर धोक्याची सूचना सक्तीची केली. पुढील संशोधनात असे दिसून आले की, नर उंदरांच्या मूत्रात सॅकॅरिनाच्या मोठ्या मात्रेमुळे कॅल्शियम फॉस्फेटाचे कण साचतात व त्यांच्या घर्षणाने मूत्राशयाच्या अस्तरास इजा होते. मानवात ही क्रिया घडत नाही. त्यानुसार २००० मध्ये धोक्याची सूचना रद्द झाली आणि २०१४ मध्ये कॅनडानेही बंदी उठविली.

नंतरची मधुरके : जठरव्रणावरील औषधाचा शोध घेताना जेम्स श्लॅटर यांना १९६५ मध्ये अ‍ॅस्पार्टेम सापडले. ते सु. २०० पट गोड असून दोन अ‍ॅमिनो अम्लांपासून बनलेले आहे. अमेरिकेत १९७४ मध्ये दिलेली परवानगी आक्षेपांमुळे स्थगित झाली व १९८१ मध्ये पुन्हा मिळाली. त्यातून फिनिलॲलॅनीन मुक्त होत असल्याने फिनिलकीटोन्यूरिया या आनुवंशिक विकाराच्या रुग्णांना ते वर्ज्य आहे. सुक्रॅलोजाचा शोध १९७६ मध्ये लंडन येथे लागला. साखरेच्या क्लोरीनयुक्त संयुगाची ‘परीक्षा’ करण्याची सूचना भारतीय संशोधक शशिकांत फडणीस यांनी इंग्रजी शब्दांच्या उच्चारसाम्यामुळे ‘चव घेण्याची’ अशी ऐकली, असे सांगतात. हा पदार्थ सु. ६०० पट गोड आहे. पॅराग्वायमधील ग्वारानी लोकांना पूर्वापार ठाऊक असलेल्या स्टीव्हिया वनस्पतीच्या पानांतील शुद्ध ग्लायकोसाइडेही २००८ नंतर अनेक देशांत मान्य झाली.

सुरक्षितता : प्राण्यांवर अनिष्ट परिणाम न करणाऱ्या मात्रेचा सामान्यतः शंभरावा भाग ही मानवासाठी स्वीकार्य दैनिक मर्यादा मानतात. अ‍ॅस्पार्टेमाकरिता ही मर्यादा आंतरराष्ट्रीय तज्ञसमितीने शरीराच्या दर किग्रॅ. वजनास ४० मिग्रॅ. ठरविली आहे; ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस ती २,४०० मिग्रॅ. होते. जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेम ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात घातले. त्याच वेळी तज्ञसमितीने ४० मिग्रॅ.ची मर्यादा कायम ठेवली. या दोन निर्णयांत वरवर दिसणारी विसंगती खरी नाही : पहिला पदार्थाच्या अंगी धोका असू शकतो काय याविषयी आहे, तर दुसरा नित्याच्या मात्रेत तो संभवतो काय याविषयी.

आहारनियमन करणाऱ्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न उपयुक्ततेचा आहे. अल्पकालीन प्रयोगांत साखरेऐवजी मधुरके घेणाऱ्यांचे वजन थोडे घटल्याचे दिसते. दीर्घकालीन निरीक्षणांत मात्र त्यांचा वापर आणि मधुमेह व हृद्रोग यांचा संबंध आढळतो. तथापि मुळात स्थूल वा रोगप्रवण असलेलेच मधुरकांकडे वळतात, हेही त्याचे कारण असू शकते. ही अनिश्चितता लक्षात घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन नियंत्रणासाठी मधुरके वापरू नयेत, अशी सशर्त शिफारस केली. आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही. एकूण आहारातील गोडीच कमी करावी, असा तिचा आशय आहे. मान्य मधुरके मर्यादेत घेतल्यास विषारी नाहीत. मात्र केवळ ती घेतल्याने वजन घटते, असे सिद्ध झालेले नाही.