परमुलखाची ऊब आणि तिचा हिशेब

सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातून तामिळनाडू, केरळ, आंध्रात गेलेल्या गलाई व्यावसायिकांच्या अनुभवावरून राज्य बदलण्याच्या निर्णयाचा लेखाजोखा

कृष्णा आणि तारळी या नद्यांच्या संगमावर वसलेले उंब्रज हे कराड तालुक्यातील महामार्गावरचे गाव आहे. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. गावाजवळून जाणारा पुणे-बंगळूर रस्ता, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ४ आणि आताचा ४८, पुढे थेट दक्षिणेच्या राज्यांशी नाते जोडतो. उंब्रजहून पश्चिमेला पाटण आणि कोयनेचे खोरे लागते. तेथील माणसाने पोटासाठी पिढ्यानपिढ्या मुंबई गाठली. मसूरमार्गे पूर्वेकडे निघाले, की काही तासांत हिरवा ऊसपट्टा मागे पडतो आणि खटाव, माण, खानापूर, आटपाडीचे माळ सुरू होतात. या माळांवरच्या माणसाने मात्र दक्षिणेची वाट धरली.

या दोन वाटांचे मूळ पावसात आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील माणदेशाला पाचशे मिलिमीटरचीही खात्री नसते. एकाच जिल्ह्यातील हे अंतर शेकडो गावांचे भवितव्य ठरवत आले आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आधीपासूनच या भागातील तरुण सोने-चांदी गाळण्याचा धंदा शिकून परमुलखात जात होते. त्या दुष्काळानंतर हा ओघ वाढला. आज विटा-खानापूर परिसरातील ‘गलाई बांधव’ देशाच्या बहुतेक राज्यांत आढळतात. त्यांपैकी मोठ्या संख्येने लोक दक्षिणेत आहेत.

धंदा काय आहे?

सोनाराकडे मोडीत आलेले दागिने, दुकानातील झाडलोटीत सापडणारे कण आणि घडणावळीतील कीस यांतून शुद्ध धातू परत मिळवणे, हे गलाईचे काम. सोन्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळून ते मुशीत वितळवतात आणि त्याचे पातळ पत्रे किंवा दाणे करतात. हे दाणे नायट्रिक आम्लात टाकले, की चांदी व तांबे विरघळते आणि सोने तपकिरी भुकटीच्या रूपात तळाशी राहते. ती भुकटी धुऊन, टाकणखार घालून पुन्हा वितळवली, की लगड तयार होते. आम्लात विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या सोडून परत मिळवली जाते.

या धंद्याला भांडवलापेक्षा विश्वास अधिक लागतो. दुसऱ्याचे सोने हातात घ्यायचे आणि गुंजभरही कमी न करता परत द्यायचे, यावर पेढी उभी राहते. म्हणूनच हा व्यवसाय नात्यागोत्यातून पसरला. चुलत्याच्या दुकानात पुतण्या राहायचा, काम शिकायचा आणि चार-पाच वर्षांनी शेजारच्या शहरात स्वतःची भट्टी लावायचा. देशातील सोन्याच्या मागणीचा सर्वांत मोठा वाटा दक्षिणेकडील राज्यांचा असल्याने काम तिकडेच अधिक होते. त्रिशूर आणि कोइमतूरचा दागिने उद्योग, सेलमचे चांदीचे पैंजण, आंध्रातील प्रोद्दटूरची सराफपेठ ही त्याची काही ठळक ठिकाणे.

उष्णता: एकच शब्द, निरनिराळे अर्थ

‘दक्षिणेत उकाडा फार’ एवढ्या वाक्याने हवामानाचा विचार संपत नाही. साताऱ्याच्या पठारावरही उन्हाळ्यात पारा चढतो. परंतु ती उष्णता कोरडी असते आणि सूर्य कलला की हवा निवळते. जानेवारीची पहाट तेरा-चौदा अंशांपर्यंत उतरते. चेन्नईत तोच पारा सहसा वीस अंशांच्या खाली जात नाही. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही. घाम वाळण्यातूनच शरीर थंड होत असल्याने, तापमान कमी असूनही त्रास अधिक जाणवतो. विजयवाड्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जाणे नवलाचे नाही. याउलट पालघाट खिंडीच्या वाऱ्यामुळे कोइमतूर बरेच सुसह्य वाटते, आणि सुमारे नऊशे मीटर उंचीवरचे बंगळूर तर कराडपेक्षाही थंड. तेव्हा राज्य निवडण्यापेक्षा शहर निवडणे महत्त्वाचे.

निरोगी माणसाच्या शरीराला नव्या उष्णतेशी जुळवून घेण्यास साधारणतः एक ते दोन आठवडे लागतात. या काळात कामाचे तास हळूहळू वाढवावेत. गलाईच्या कामात मात्र बाहेरच्या उष्म्यात भट्टीची आच मिसळते. त्यातच नायट्रिक आम्लाचा तांबूस धूर फुप्फुसांना घातक असतो आणि दीर्घकाळ संपर्क आल्यास दातांचीही झीज होते. धुरांडे आणि हवा बाहेर खेचणारा पंखा नसलेली खोली कमी भाड्यात मिळत असली, तरी ती महागच पडते. दम्याचा त्रास असलेल्याने हा धंदा व हे हवामान एकत्र पत्करण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे श्रेयस्कर. दुसरीकडे, थंडीत सांधे आखडणाऱ्या वृद्धांना किनाऱ्यावरचा सौम्य हिवाळा मानवतो, ही जमेची बाजूही नोंदवली पाहिजे.

पावसाचे वेळापत्रकही बदलते. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. म्हणजे आपल्याकडे दिवाळीची थंडी पडते, तेव्हा तेथे पूर येतात. डिसेंबर २०१५ मधील चेन्नईचा आणि ऑगस्ट २०१८ मधील केरळचा महापूर ध्यानात ठेवून दुकान व घर सखल भागात घेणे टाळावे.

जमेच्या बाजू

सर्वांत मोठी जमा म्हणजे पाऊस पडो न पडो, येत राहणारे उत्पन्न. शेतीच्या कर्जातून मोकळे झालेले, बहिणींची लग्ने करून दिलेले आणि गावी दुमजली घर बांधलेले शेकडो संसार या भट्टीवर उभे आहेत. यात्रेच्या दिवसांत माणदेशातील गल्ल्यांत तामिळनाडू, केरळच्या क्रमांकाच्या मोटारी उभ्या दिसतात. मंदिराचा जीर्णोद्धार असो की शाळेची खोली, देणगीदारांच्या फलकावर परमुलखातील नावे असतात.

दुसरी जमा म्हणजे मुलांचा विस्तारलेला अवकाश. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि गल्लीत तमिळ किंवा मल्याळम बोलणारे मूल पुढे कोठेही निर्धास्तपणे वावरते. तिसरी म्हणजे तेथील समाजाने दिलेली स्वीकृती. मराठी माणूस तामिळ प्रदेशाला नवखा नाही. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि तेथील भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. सरफोजीराजे दुसरे यांच्या काळात बृहदीश्वराच्या मंदिरावर १८०३ मध्ये कोरलेला मराठी शिलालेख आजही तेथे वाचता येतो. त्या काळी गेलेल्या घराण्यांची मराठी आज तमिळ वळणाची झाली आहे, पण ती घरात बोलली जाते. दूर जाऊनही काय टिकते आणि काय बदलते, याचे ते साडेतीनशे वर्षांचे उदाहरण होय.

खर्चाच्या बाजू

पहिला खर्च मुलांच्या शिक्षणाचा, आणि तो केवळ शुल्काचा नाही. तामिळनाडूत २००६ च्या कायद्यानुसार तमिळ, केरळात २०१७ च्या कायद्यानुसार मल्याळम आणि तेलंगणात २०१८ पासून तेलुगू शिकणे शाळांतून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाले. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातही मराठी सक्तीची आहे. त्यामुळे मधल्या इयत्तेत राज्य बदलणाऱ्या मुलाला नवी लिपी एकदम पेलावी लागते.

याहून नाजूक प्रश्न अधिवासाचा आहे. महाराष्ट्राच्या अधिवास दाखल्यासाठी सामान्यतः पंधरा वर्षांचे वास्तव्य पाहिले जाते. वैद्यकीय प्रवेशातील राज्याच्या जागांसाठी दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असण्याची अट असते. कोइमतुरात शिकलेले मूल अशा वेळी ‘तेथले’ ठरत नाही आणि ‘येथले’ही राहत नाही. आरक्षणाचेही तसेच. एका राज्यातील अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा स्थलांतरानंतर दुसऱ्या राज्यातील सवलतींसाठी चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये, आंध्रातून मुंबईत आलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

दुसरा खर्च धंद्यातील धोक्याचा. अनोळखी माणसाकडून घेतलेले सोने चोरीचे निघाले, तर गलाईवाला अडचणीत येतो. पूर्वी भारतीय दंडविधानाच्या कलम ४११ चा धाक होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये तीच तरतूद आहे. माल चोरीचा असल्याची जाणीव असणे हा या गुन्ह्याचा गाभा आहे. म्हणून विकणाऱ्याचे ओळखपत्र, छायाचित्र, वजन व दिनांकाची नोंद असलेली वही हाच खरा बचाव. परक्या भाषेत जबाब देण्याची वेळ आली, तर स्थानिक वकील व व्यापारी संघटनेशी आधीपासूनचा परिचय उपयोगी पडतो. शिवाय जून २०२१ पासून दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला असून शुद्धता तपासणारी यंत्रे आणि मोठे शुद्धीकरण कारखाने आल्याने छोट्या भट्टीपुढील स्पर्धा वाढली आहे.

तिसरा खर्च पैशांत मोजता येत नाही. गावी बांधलेले घर वर्षातील अकरा महिने कुलपात राहते, आणि कुलूप नसलेल्या घरांत म्हातारी माणसे एकटी असतात. विट्याहून चेन्नई हे एका रात्रीत गाठण्याजोगे अंतर नव्हे. मार्च २०२० मधील टाळेबंदीत राज्यांच्या सीमा बंद झाल्या, तेव्हा हे अंतर किती खरे आहे, हे अनेक कुटुंबांना कळले.

कागदपत्रांची तयारी

शिधापत्रिकेवरील धान्य ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे कोणत्याही राज्यात मिळू शकते. मतदार यादीत मात्र नाव एकाच ठिकाणी ठेवता येते. बारा महिन्यांहून अधिक काळ परराज्यात ठेवलेल्या वाहनाची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो.

गावची जमीन हा सर्वांत महत्त्वाचा कागद. महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यासाठी खरेदीदार शेतकरी असावा लागतो. भांडवलासाठी सगळी जमीन विकली, तर परत येऊन शेती घेण्याची वाट अवघड होते. सातबाऱ्यावर नाव राहील एवढे रान राखावे, वारसनोंदी वेळीच कराव्यात आणि जमीन कसायला देताना करार लेखी असावा.

परतीची वाट

या हिशेबात अलीकडे एक नवी रक्कम आली आहे. उंब्रजवरून वाहत गेलेली कृष्णा कराडच्या पुढे टेंभू गावाजवळ अडवून तिचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलले जाते आणि खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, सांगोल्याच्या माळांवर सोडले जाते. जेथे पाणी पोहोचले, तेथे द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांना आधार मिळाला. आजोबांना गाव सोडावे लागले, कारण पर्याय नव्हता. नातवापुढे पर्याय आहे, आणि म्हणून त्याचा निर्णय अधिक कठीण आहे. पाणी सर्वत्र सारखे पोहोचलेले नाही. बागेलाही भांडवल, औषधे आणि बाजारभावाची जोखीम आहेच.

तेव्हा जाणाऱ्याने पहिले वर्ष भाड्याच्या जागेत काढावे, एक मे महिना आणि एक पावसाळा सोसून पाहावा, मगच कुटुंब हलवावे. मुलांची दहावी-बारावी कोणत्या राज्यात होणार, हे ती आठवीत जाण्यापूर्वी ठरवावे. आई-वडिलांचे आजारपण कोण पाहणार, हे भावंडांनी निघण्याआधी बसून बोलावे. बहुतेक घरांत ही बोलणी होत नाहीत. ती पहिल्या दुखण्यानंतर, दूरध्वनीवर होतात. उंब्रजच्या पुलाखालून जाणारे पाणी आता दुष्काळी माळाकडे वळले आहे. ज्याच्या रानात ते पोहोचले असेल, त्याने दक्षिणेची गाडी पकडण्यापूर्वी हा हिशेब एकदा नव्याने मांडावा.