वेदनेवरील पांघरूण

“आतां करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं,” हें वाक्य डॉक्टरांच्या तोंडून कधींच ऐकावें लागलें नाहीं, असें घर विरळेंच. डॉक्टर जिना उतरून जातात, औषधांच्या बाटल्या कोनाड्यांत तशाच राहतात, आणि रोगी मात्र त्यानंतरहि आठवडेच्या आठवडे जगत असतो. या मधल्या काळांत त्याच्याकडे कोणीं पाहावयाचें, हा प्रश्न वैद्यकशास्त्रानें फार उशिरां हातीं घेतला.

मरणोन्मुखांची सेवा ही गोष्ट नवी नव्हे. डब्लिन शहरांत १८७९ सालीं व लंडनच्या पूर्व भागांत १९०५ सालीं आयरिश जोगिणींनीं अशा रोग्यांसाठीं आश्रयस्थानें उघडलीं होतीं. तेथें माया होती, स्वच्छ अंथरूण होतें. उणीव होती ती शास्त्राची.

१९४८ च्या फेब्रुवारींत लंडनमध्यें डेव्हिड तास्मा नांवाचा एक पोलिश ज्यू निर्वासित कर्करोगानें वारला. त्याच्या उशाशीं येऊन बसणारी बाई म्हणजे सिसिली साँडर्स. महायुद्धांत त्यांनीं परिचारिकेचें शिक्षण घेतलें. पण पाठीच्या दुखण्यामुळें तें काम सुटलें, आणि रोग्यांच्या घरच्या अडचणी पाहण्याचें रुग्णालयांतील काम त्यांनीं पत्करलें. मरणाऱ्या माणसांसाठीं निराळें घर कसें असावें, यावर दोघांचें बोलणें होई. जातांना तास्मानें त्यांना पांचशें पौंड ठेवले, ते त्या घराच्या एका खिडकीसाठीं. घर तर अद्याप कागदावरहि नव्हतें.

एका शल्यवैद्यानें बाईंना सांगितलें कीं, मरणाऱ्यांना टाकून जातात ते डॉक्टरच; तेव्हां त्यांना कांहीं ऐकवावयाचें असेल तर प्रथम डॉक्टर व्हा. तिशी उलटलेल्या बाई पुन्हां विद्यार्थिनी झाल्या आणि १९५७ सालीं पदवी घेऊन बाहेर पडल्या.

त्या काळची रीत मोठी विचित्र होती. रोगी कळवळून हांक मारी, मग मॉर्फीनची सुई टोंचली जाई. गुण उतरला कीं पुन्हां तीच कळ, पुन्हां तीच याचना. व्यसन लागेल या धास्तीनें डॉक्टर हात आंखडता घेत. महिन्याभराचा सोबती असलेल्या माणसाला व्यसनाचें भय घालणें, याला शहाणपण म्हणावें कीं काय! साँडर्सबाईंनीं १९५८ पासून जोगिणींच्या त्याच लंडनच्या आश्रयस्थानांत उलट क्रम चालविला. कळ उठण्यापूर्वींच, दर चार तासांनीं, तोंडावाटे, बेताचें औषध. हजारांवर रोग्यांच्या नोंदी त्यांनीं ठेवल्या. वेदना ताब्यांत राहते आणि रोगी गुंगींत न पडतां आपल्या माणसांशीं बोलूं शकतो, असें त्यांतून दिसून आलें. दुखणें केवळ शरीराचें नसतें. मुलांची काळजी, पैशाची विवंचना, मनांतलें भय हीं सारीं त्यांत मिसळलेलीं असतात. या सर्वांना मिळून बाईंनीं ‘समग्र वेदना’ अशा अर्थाचें नांव दिलें. १९६७ सालीं लंडनच्या सिडनम भागांत सेंट ख्रिस्तोफर हें त्यांचें घर उघडलें. तास्माची खिडकी तेथें आहे. आणि २००५ सालीं स्वतः बाईंनीं देह ठेवला तोहि तेथेंच.

कॅनडांतील बाल्फोर माउंट या शल्यवैद्यानें १९७४ सालीं या शास्त्राला ‘पॅलिएटिव्ह’ हें विशेषण लावलें. त्याच्या मुळाशीं अंगावर घेण्याच्या वस्त्राचा लॅटिन शब्द आहे. रोग हटत नसला तरी रोग्याला उघडें टाकावयाचें नाहीं, हा त्यांतील भाव.

हिंदुस्थानांत अशा कार्याची पहिली संस्था, शांति अवेदना, मुंबईस वांद्र्याला १९८६ सालीं निघाली. पुढें गोव्यांतहि तिची शाखा झाली. मात्र काळ प्रतिकूल होता. मंदसोर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्यानें अफू पिकते, तिच्यापासून निघणारें मॉर्फीन जगाला लागतें. परंतु १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यानें परवान्यांचें असें जाळें विणलें कीं, येथील बहुतेक रुग्णालयांनीं तें औषध ठेवणेंच सोडलें. ज्याच्या अंगणांत विहीर त्यानेंच तहानेलें राहावें, तशी ही गत.

कालिकतला एम्. आर्. राजगोपाल, सुरेश कुमार आदि डॉक्टरांनीं १९९३ सालीं संस्था काढून वाट मोकळी केली. पुढें तेथें शिक्षक, गृहिणी, दुकानदार यांना शिकवून घरोघर पाठविण्याची पद्धत पडली. शय्याव्रण कसें धुवावें, रोग्याला कुशीवर कसें वळवावें, हें शेजारीणहि शिकूं शकते. २००८ सालीं केरळ सरकारनें या कार्याचें धोरण जाहीर केलें. २०१४ सालीं मूळ कायदाच दुरुस्त होऊन अनेक परवान्यांच्या जागीं एक परवाना आला. गोळी स्वस्त आहे; ती ठेवणारीं दुकानें आणि लिहून देणारे डॉक्टर मात्र बहुतेक जिल्ह्यांत अद्याप थोडेच.