५५ वें कलम

परचक्राचें किंवा तशाच तांतडीच्या निकडीचें कारण नसतां, सरहद्दीबाहेरच्या मोहिमेवर हिंदुस्थानचा महसूल पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीवांचून खर्चूं नये, असें १८५८ च्या हिंदुस्थानविषयक कायद्याचें ५५ वें कलम होतें. बंधन चांगलें; पण किल्ली कोणाच्या कमरेस? १८६७ सालीं हबसाणचा राजा थिओडोर याच्या कैदेंतील ब्रिटिशांस सोडविण्यास नेपियरसाहेबांची मोहीम मुंबईहून निघाली. आघाडीची तुकडी ऑक्टोबरांत तांबड्या समुद्राच्या कांठीं उतरली. पार्लमेंट भरलें नोव्हेंबरांत! मग ठरलें कीं, फौजेचा नेहमींचा पगार हिंदुस्थानानें द्यावा, जादा खर्च इंग्लंडनें. पगार एरवींही द्यावाच लागला असता, हा युक्तिवाद. एवढी फौज येथें नसून चालत होतें, तर ती पोसली कशास, असें आम्ही विचारतों. संमति देणाऱ्या त्या सभागृहांत येथल्या रयतेनें निवडलेला एकही सभासद नव्हता.