तोतया आणि तवा

पानिपतानंतर काही वर्षांनी सदाशिवरावभाऊंचा तोतया उपटला आणि त्यानं पेशवाईत केवढी खळबळ उडवून दिली, ते आपण सगळ्यांनी वाचलं आहे. मला त्या तोतयाबद्दल एक छुपी सहानुभूती आहे. इतिहासाच्या मास्तरानं असं म्हणू नये, पण आता निवृत्त झाल्यामुळे म्हणायला हरकत नाही. तो स्वतः कोण, कुठला, त्याला काय येत होतं, हे विचारायला कोणालाच सवड नव्हती. 'हे भाऊ आहेत की नाहीत' एवढाच सगळ्यांचा प्रश्न. नाहीत असं ठरलं आणि १७७६ साली त्याचा निकाल लागला.

गेल्या श्रावणात आमच्या घरात असाच एक तोतया शिरला. गोरापान, चौकोनी, प्लॅस्टिकच्या डब्यात गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेला. सूनबाई त्याला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, हा टोफू. अगदी पनीरसारखाच लागतो."

झालं होतं असं की नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमची ही जिन्याच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. उजवं मनगट म्हणजे आमच्या घराचं गृहखातं, अर्थखातं आणि अन्नपुरवठा खातं. सहा आठवडे प्लास्टर. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "यांना प्रथिनं द्या. भरपूर." आता श्रावणात मासळी बंद, अंडी बंद. दूध आणि पनीर हिला पूर्वीपासून सोसत नाही. डाळी आणि उसळी चार दिवस चालल्या. पाचव्या दिवशी मुगाचं भांडं बघूनच हिनं तोंड फिरवलं. शिवाय त्या उसळी मी केलेल्या होत्या, हेही लक्षात घेतलं पाहिजे. दहाव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हिच्या डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे घसरायला लागल्या आहेत. अडतीस वर्षं जिनं मला वाढलं, ती माझ्या हातचं खाऊन वाळत चालली होती. तेव्हा टोफूकडे मी पाहुणा म्हणून नव्हे, तर शेवटचा उपाय म्हणून पाहिलं.

पहिला प्रयोग सांगण्यासारखा नाही, पण सांगतो. डबा फोडला, चौकोन कापले, तव्यावर टाकले. तव्यानं तोफा डागल्या. तेल चष्म्यावर आलं. कालथा घातला तर चौकोनाची वरची बाजू माझ्याबरोबर आली आणि खालची तव्याशी एकनिष्ठ राहिली. शेवटी जे ताटात पडलं त्याला दुसऱ्या कोणी भुर्जी म्हटलं असतं.

"हे काय आहे?" हिनं विचारलं.

"पनीरसारखं आहे."

"मग पनीरसारखं का लागत नाही?"

तीन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. रात्री एक केळं.

माणसानं अडचणीत आपापल्या सवयीप्रमाणे वागावं. दुसरा कोणी असता तर त्यानं शेजारणीला विचारलं असतं. मी साधनग्रंथ चाळायला बसलो.

टोफूची बखर सुरू होते ती चीनमधल्या ह्वायनानच्या ल्यू आन नावाच्या राजापासून. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला हा हान घराण्यातला राजपुत्र. पदरी पुष्कळ विद्वान बाळगून असे आणि अमर होण्याचं औषध शोधत असे. त्या खटपटीत सोयाबीनचं दूध नासलं आणि टोफू झाला, अशी कथा. पुढे बंडाचा आरोप येऊन इ.स.पू. १२२ मध्ये त्याला आत्महत्या करावी लागली. म्हणजे औषध लागू पडलं नाही, हे उघड आहे. पण बखर ती बखर. अस्सल लेखी पुरावा म्हणाल, तर टोफूचं नाव पहिल्यांदा भेटतं ते थेट दहाव्या शतकात, ताओ गू नावाच्या गृहस्थाच्या पुस्तकात. मधली हजारेक वर्षं हा होता कुठे, असं विचारू नये. तोतये असेच उगवतात.

आणि उगवला तोही दुसऱ्याच्या नावानं! ताओ गू सांगतो की छिंगयांग इथला एक दुय्यम अंमलदार फार काटकसरी होता. मटण परवडत नाही म्हणून रोज टोफूच्या वड्या विकत घेई. लोक टोफूला 'छोट्या साहेबाचं मटण' म्हणू लागले. म्हणजे पहिल्याच नोंदीत स्वारी मटणाच्या वेषात हजर.

पुढे युरोपात गेला तो चीजच्या वेषात. नावारेते नावाचा एक स्पॅनिश पाद्री चीनमध्ये बरीच वर्षं राहून आला आणि १६७६ साली माद्रिदला त्याचं पुस्तक छापलं गेलं. त्यात टोफूच्या चीजसारख्या मोठाल्या वड्यांचं वर्णन आहे. राजापासून रंकापर्यंत सगळे हा खातात, असं तो लिहितो. नुसता खाल्ला तर बेचव, पण लोण्यात तळला तर उत्तम, असाही त्याचा अभिप्राय आहे. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा तळलेला टोफू! मला अगदी दप्तरखान्यात मूळ सनद सापडल्याचा आनंद झाला. पण पाद्रीबाबांनी कृती लिहिलेली नाही, आणि लोणी आमच्याकडे बाद. पुढे ११ जानेवारी १७७० रोजी बेंजामिन फ्रँकलिननं लंडनहून आपल्या बार्ट्राम नावाच्या वनस्पतिशास्त्री मित्राला पत्र पाठवलं. त्यात चिनी दाण्यांपासून केलेल्या चीजची गोष्ट आहे आणि 'टाउ-फू' असा शब्दही आहे. फ्रँकलिननं आकाशातली वीज पकडली असं म्हणतात, पण टोफू त्यालाही चीज म्हणूनच समजला. १९०९च्या सुमाराला ली यू-यिंग नावाच्या चिनी क्रांतिकारकानं पॅरिसजवळ टोफूचा कारखानाच काढला. फ्रेंचांना विकताना त्यानंही त्याला 'सोयाचं चीज' असंच म्हटलं. स्वतःच्या नावानं हा गडी कुठे गेलाच नाही.

आपल्याकडची हकीकतही फारशी निराळी नाही. १९३५ साली वर्ध्याला मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनचे प्रयोग केले. गरिबाला स्वस्तात प्रथिनं कशी मिळतील, हा त्यांचा घोर होता. 'हरिजन'मध्ये त्यांनी त्यावर लिहिलंही. बडोदा संस्थानानं सोयाबीनचा प्रचार मनावर घेतला आणि १९३६ साली तिथल्या एफ. एस. काळे यांचं सोयाबीनवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. लागवड, आहारमूल्य, पाककृती, सगळं आहे. म्हणजे आमच्या सूनबाईंच्या आधी ऐंशीहून अधिक वर्षं एक काळे हेच सांगत होते. कोणी ऐकलं नाही. डाळीऐवजी सोयाबीन, दुधाऐवजी सोयाबीन! ज्या पदार्थाच्या मागे 'ऐवजी' लागलं, त्याचं आपल्याकडे काही खरं नसतं. आज लातूर-वाशीमकडे नजर जाईल तिथवर सोयाबीन उभं असतं. त्याचं तेल काढतात आणि पेंड कोंबड्यांना जाते. मग माणूस ती कोंबडी खातो. प्रथिनांना पोटात शिरायला ओळख लागते, हेच खरं.

हे सगळं वाचताना एका ठिकाणी मात्र मी थांबलो. तेच १९३५ साल. छ्यू छ्यू-पाय नावाचा, ऐन तिशीतला, कम्युनिस्ट पक्षाचा पुढारीपण भोगून झालेला एक साहित्यिक फूज्येन प्रांतात तुरुंगात पडला होता. मरण ठरलेलं. त्यानं तुरुंगात आपलं एक प्रांजळ आत्मकथन लिहिलं. आपण राजकारणात कसे चुकून आलो, कसे दमलो, हे सगळं लिहून झाल्यावर निरोप घेताना अगदी शेवटी त्याला आठवला तो टोफू. त्याच्या चवीला त्यानं जगात पहिला नंबर दिला आणि लेखणी ठेवली. १८ जूनला त्याला गोळ्या घातल्या. त्यानं टोफूला मटणासारखा म्हटलं नाही, चीजसारखा म्हटलं नाही. मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजमधल्या दुसऱ्या डब्याकडे जरा निराळ्या नजरेनं बघितलं.

"काय सापडलं?" हिनं खुर्चीवरून विचारलं.

"तुझ्या हातावर जे आहे ना, त्यानंच टोफू करतात."

ही घाबरली. पण गोष्ट खरी आहे. सोयाबीन भिजवायचं, वाटायचं, उकळायचं, फडक्यातून दूध गाळायचं. मग ते दूध फोडायला दोन वस्तू परंपरेनं चालत आल्या आहेत. एक म्हणजे मिठागरात मीठ काढून झाल्यावर उरणारं कडू पाणी. दुसरी म्हणजे जिप्सम. आणि हेच जिप्सम भाजलं की प्लास्टर ऑफ पॅरिस होतं. म्हणजे हिचं मनगट आणि तो टोफू, दोघांनाही एकाच दगडानं घट्ट धरून ठेवलेलं! हे ऐकून हिला टोफूबद्दल पहिल्यांदाच थोडी आपुलकी वाटली असावी. "करणाऱ्याला कष्ट फार हो," एवढं म्हणाली. चीनमध्ये जुनी म्हण आहे की जगात तीन धंदे कष्टाचे: होडी वल्हवणं, लोखंड ठोकणं आणि टोफूसाठी जातं ओढणं. मी ती सांगितली. "चौथा राहिला," ही म्हणाली आणि ओट्याकडे बघत बसली. मी विषय बदलला.

जपानकडे वळलो. १७८२ साली ओसाकाला 'तोफू ह्याकुचिन' नावाचं पुस्तक निघालं. टोफूचे शंभर प्रकार. लेखकानं टोपणनाव घेतलं होतं. स्वयंपाकघरात लुडबुड करणाऱ्या पुरुषाला ते लागतंच. पुस्तक इतकं खपलं की पुढच्याच वर्षी दुसरा भाग काढावा लागला. शंभर पदार्थांच्या त्यानं सहा पायऱ्या लावल्यात. साध्यापासून सुरुवात, शेवटी अप्रतिम म्हणावेत असे सात. त्यातल्या एका पायरीवरच्या दहा पदार्थांची मात्र नुसती नावं दिली आहेत. का? तर ते घरोघरी सगळ्यांना येतात, कृती कशाला लिहायची! मी कपाळाला हात लावला. मला हवा होता तो असाच, घरोघरी सगळ्यांना येणारा.

कृती शेवटी घरातच मिळाली. मी दुसरा डबा फोडून चौकोन तव्याकडे नेत होतो, एवढ्यात खुर्चीवरून आवाज आला, "अहो, थांबा! सुरमईची तुकडी अशी ओलीचिंब टाकली असती का मी तव्यावर?"

मी थांबलो. पाण्यात पोहत आलेला हा प्राणी. त्याच्या अंगात तीन चतुर्थांशाच्या वर पाणीच. जोवर पाणी आहे तोवर तव्याचा सगळा ताप त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होणार. वरचा पापुद्रा शंभर अंशांच्या पुढे सरकणार नाही. आणि खरपूस रंग यायला एकशे चाळीसच्या आसपास तरी जावं लागतं. पनीर म्हणून वागवलं, तिथेच माझं चुकलं होतं. पनीर आपलं पाणी आधीच टाकून आलेलं असतं.

मग हिच्या हुकमाखाली काम सुरू झालं. बोटभर जाडीच्या वड्या केल्या. मीठ घातलेल्या कढत पाण्यात पंधरा मिनिटं ठेवल्या. पाणी काढायला पाण्यात घालायचं हे मला पटत नव्हतं, पण मिठाचं कढत पाणी आतलं पाणी बाहेर ओढतं, हे मी वाचलं होतं. मग जुन्या पंचावर मांडल्या, पंचाची घडी वर घेतली, त्यावर पोळपाट आणि पोळपाटावर मराठी रियासतीचे दोन जाडजूड खंड.

"ती रियासत उचला आधी! वरवंटा कशाला आहे?"

रियासत गेली, वरवंटा आला. अर्ध्या तासात पंचा पिळण्याइतका ओला झाला. चक्का टांगल्यावर भांड्यात पाणी बघून जो आनंद होतो, तोच. वड्यांना तांदळाचं पीठ, मीठ, हळद, तिखट आणि हिंगाची चिमूट लावली. बिडाचा तवा चांगला तापवला, तीन चमचे तेल सोडलं आणि वड्या ठेवल्या. चर्रर्र!

"आता हात लावू नका."

हे सगळ्यांत अवघड. माझा हात कालथ्याकडे जात होता आणि हिचा डावा हात हवेतच मला अडवत होता. चिनी लोक म्हणतात, उतावळ्याच्या नशिबी गरम टोफू नाही. त्यांनी ती म्हण जीभ भाजण्यावरून केली असेल, पण ती तव्यालाही लागू आहे. पाच मिनिटांनी चर्रर्रचा आवाज खाली आला. पाणी संपलं की आवाज बसतो, ते हिला बसल्या जागी कळलं. "आता," ही म्हणाली. कालथा घातला आणि वडी आपण होऊन सुटली. खालून तांबूस, कडेला जाळी. माझ्या हातून तव्यावरची कुठलीही वस्तू अशी सुटलेली ही पहिलीच.

ताट पुढे ठेवलं. हिनं डाव्या हातानं तुकडा उचलला, आधी वास घेतला. "श्रावण आहे. यात मासळीचं काही नाही ना?"

"देवाशपथ नाही."

कुर्रकन आवाज आला. मी वाट बघत उभा. 'कशासारखा लागतो' हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर होतं, पण विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. सहा वड्या होत्या, चार तिनं खाल्ल्या.

रात्री बघतो तर टेबलावर तिची पाककृतींची वही उघडी. डाव्या हातानं, बालवाडीतल्या अक्षरात, एक नवीन नाव लिहिलेलं: 'टोफू, तव्यावरचा'. खाली काहीच नाही.

"अगं, कृती लिहायची राहिली."

"ती कशाला? तुम्हाला येतो ना आता," ही म्हणाली. "उद्या आठ वड्या करा."