शेगडी, धूर आणि बॉयलर : एका घरगुती निवडीचा इतिहास

घर उबदार ठेवण्यासाठी कोणता बॉयलर घ्यावा, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाला गौण वाटण्याचा संभव आहे. मात्र विसाव्या शतकातील इंग्लंडचा इतिहास वाचताना या निवडीपाशी आम्हाला थबकावे लागले.

जॉर्ज ऑर्वेलने डिसेंबर १९४५ मध्ये 'ईव्हनिंग स्टँडर्ड'मधून कोळशाच्या उघड्या शेगडीचे समर्थन केले. शेगडी खोलीचे एकच टोक तापवते. म्हणूनच ती माणसांना जवळ बसवते, असा त्याचा युक्तिवाद. ती इंधन उधळते, कष्ट वाढवते, हे तो नाकारत नाही. सहवासासाठी एवढी किंमत त्याला मान्य होती.

सातच वर्षांनी लंडनने याहून मोठी किंमत मोजली. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात निश्चल, थंड हवेत कोळशाचा धूर शहरावर साचला. त्यात घरोघरच्या शेगड्यांचा वाटा मोठा होता. मृत्यूंचा प्रारंभीचा अंदाज सुमारे ४,००० होता. नंतरच्या संशोधनाने तो १२,००० च्या आसपास नेला. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने धूर-नियंत्रित क्षेत्रे निर्माण केली आणि शेगडी बदलण्यासाठी अनुदानाची सोय केली. घरातील आग हा केवळ घराचा प्रश्न उरला नाही.

१९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. १९६७ ते १९७७ या दशकात सुमारे १.३ कोटी ग्राहकांची उपकरणे त्यासाठी बदलण्यात आली. वायूवर चालणारा बॉयलर आणि खोलीखोलीतील रेडिएटर सर्वसामान्य घरांत पसरले. माणसे आपापल्या खोल्यांत पांगली. या अर्थाने ऑर्वेलची भीती खरी ठरली. पण पहाटे राख उपसणाऱ्या, कोळशाच्या बादल्या वाहणाऱ्या हातांची त्याच वेळी सुटका झाली, हेही नोंदवायला हवे.

२००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये नव्या वायू-बॉयलरसाठी कंडेन्सिंग प्रकार सामान्यतः बंधनकारक झाला. धुराड्यातून निसटणाऱ्या वाफेचे पाणी करून तिच्यातील उष्णता तो परत मिळवतो. मात्र रेडिएटरमधून परतणारे पाणी साधारण ५५ अंशांखाली असले, तरच हे साधते. गरजेपेक्षा मोठा बॉयलर घेऊन पाणी कढत ठेवणाऱ्या घराला या सुधारणेचा लाभ पुरेसा मिळत नाही. म्हणजे यंत्र निवडण्यापूर्वी घरातून किती उष्णता गळते, हे मोजणे आले.

आपल्या ग्रामीण कथा-कवितांतील चूल शिकवताना आम्हाला हा इतिहास आठवतो. चुलीची ऊब लेखकाने अनुभवली, हे खरेच; फुंकणीपाशी बसून धूर कोणी गिळला, हा प्रश्नही विद्यार्थ्यांनी त्या पानाला विचारावा, असे आम्हाला वाटते.