उष्णता पंप : नियमन व घरगुती ऊर्जाबचत

कमी तापमानाच्या हवेतील, पाण्यातील किंवा जमिनीतील उष्णता कार्य खर्च करून अधिक तापमानाच्या ठिकाणी नेणाऱ्या यंत्रास उष्णता पंप म्हणतात. शीतकपाट व वातानुकूलक ही तत्त्वतः हीच यंत्रे होत. मिळालेली उष्णता व खर्चलेली वीज यांच्या गुणोत्तरास कार्यमान गुणांक म्हणतात. विजेच्या साध्या शेगडीचा गुणांक १ असतो, तर उष्णता पंपाचा सामान्यतः २ ते ५ असतो. तो २ राहतो की ४ होतो, हे यंत्राच्या घडणीइतकेच त्याच्याकडून किती तापमानाची उष्णता मागितली जाते यावर ठरते. या यंत्राच्या इतिहासात नेमकी हीच गोष्ट वारंवार दुर्लक्षिली गेली.

सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये उष्णता एंजिनाच्या कार्यक्षमतेची मर्यादा दोन तापमानांवरून ठरते, असे दाखविले. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५२ मध्ये हे चक्र उलटे चालवून इमारती उबदार ठेवता येतील, अशी योजना मांडली. तथापि कोळसा स्वस्त असल्याने तिची निकड कोणास भासली नाही. ऑस्ट्रियात पेटर फोन रिटिंगर यांनी १८५६-५७ मध्ये एबेन्झे येथील मिठागारात बाष्पाचे संपीडन करून त्याचीच उष्णता पुन्हा वापरणारे यंत्र उभारले. इमारतींसाठी मात्र बराच काळ जावा लागला. कोळशाच्या मोठ्या खाणी नसलेल्या स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या जुन्या नगरभवनात १९३८ मध्ये लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप सुरू झाला व तो २००१ पर्यंत चालला. इंग्लंडमध्ये जॉन समनर यांनी १९४५ मध्ये नॉरिच येथे युद्धकालीन टंचाईत जुनी यंत्रसामग्री जुळवून असाच पंप बांधला. सल्फर डाय-ऑक्साइडवर चालणाऱ्या या पंपाने सरासरी सु. ३·४ गुणांक दिला. याउलट लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील १९५१ चा भव्य पंप सभागृहाच्या गरजेच्या मानाने फार मोठा ठरला आणि लवकरच बंद करावा लागला.

१९७३ च्या तेलसंकटानंतर यूरोपात घरगुती पंपांकडे लक्ष वळले. पण पुष्कळ घरांत तेलाच्या बॉयलरसाठी योजलेले, ७०°–८०° से. तापमानाच्या पाण्यावर चालणारे रेडिएटर होते. बाहेर ०° से. तापमान असता ५५° से. तापमानाचे पाणी पुरविणाऱ्या आदर्श पंपाचा गुणांक ३२८ ÷ ५५ म्हणजे सु. ६ येतो, ३५° से. असेल तर ३०८ ÷ ३५ म्हणजे ८·८. प्रत्यक्ष यंत्रांना याच्या साधारण निम्माच गुणांक गाठता येतो, परंतु दोहोंतील प्रमाण बहुतांशी टिकते. पुरवठ्याच्या पाण्याचे तापमान १° से.ने उतरविल्यास वीजखर्च सु. २ ते ३ टक्क्यांनी घटतो, हा व्यवहारातील ठोकताळा यातूनच आला आहे.

म्हणून नियमनाचा मुख्य भाग म्हणजे तापन-वक्राची मांडणी. बाहेरची हवा जसजशी थंड होते तसतसे पाणी किती तापवावे, हे हा वक्र ठरवितो. यंत्र बसविणारा कारागीर तक्रार येऊ नये म्हणून तो बहुधा चढा ठेवतो. गृहस्थाने कडाक्याच्या थंडीत तो थोडाथोडा उतरवीत, प्रत्येक वेळी एकदोन दिवस वाट पाहून, खोल्या जेमतेम उबदार राहतील तेथे थांबवावा. बॉयलरच्या सवयीने यंत्र रात्री पूर्ण बंद ठेवून पहाटे जोरात चालविल्यास पाणी अधिक तापवावे लागते, प्रसंगी साहाय्यक विद्युत् तापकही सुरू होतो आणि अपेक्षित बचत बरीचशी नाहीशी होते. अर्थात ज्या घराच्या भिंतींतून उष्णता झपाट्याने निसटते तेथे रात्रीची थोडी घट उपयुक्त ठरू शकते. न्हाणीच्या पाण्याचे तापमान मात्र मनमानेल तसे उतरविणे धोक्याचे आहे. कोमट साठ्यात लीजिओनेला जंतू वाढतात, म्हणून ते पाणी ठराविक काळाने सु. ६०° से. पर्यंत तापवितात.

ब्रिटनमध्ये ८३ पंपांची मोजणी करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एकाच प्रकारच्या पंपांच्या कार्यमानात मोठी तफावत आढळली. सदोष उभारणीबरोबरच नियंत्रकाच्या सूचना समजत नाहीत, अशी अनेक रहिवाशांची तक्रार होती. २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्धामुळे नैसर्गिक वायू महागल्यावर हाच प्रश्न यूरोपातील लक्षावधी कुटुंबांच्या मासिक खर्चाचा झाला.

भारतात हे यंत्र मुख्यतः थंडाव्यासाठी वापरले जाते. तेथे तापमानांतील अंतर कमी राखण्यासाठी मांडणी वर न्यावी लागते. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या तारांकन योजनेतील खोली-वातानुकूलक सुरू करताच २४° से. तापमानावर चालू लागावेत, असा नियम १ जानेवारी २०२० पासून करण्यात आला. ग्राहकास ते तापमान बदलण्याची मुभा आहे. [⟶ ऊष्मागतिकी, प्रशीतन, वातानुकूलन].