दहा लाख तासांची डिस्क

आमच्या जुईनगरच्या घरातली हार्ड डिस्क तिसऱ्याच वर्षी दोन दिवस टकटक करून गप्प झाली. आजीच्या शेवटच्या गणपतीचे व्हिडिओ तिच्यात होते. आई एवढंच म्हणाली, "तू इंजिनिअर आहेस ना रे?"

सर्व्हरमधल्या डिस्कच्या माहितीपत्रकात बिघाडापर्यंतचा सरासरी काळ दहा लाख तास असा सर्रास छापलेला असायचा. म्हणजे ११४ वर्षं! एवढी वर्षं कोणी वाट बघितली? कोणीच नाही. हजार डिस्क हजार तास, म्हणजे सहा आठवडे चालवायच्या. एक बिघडली की झाले दहा लाख तास. माझ्या वयाच्या हजार जणांत वर्षाला एक दगावला, तर याच हिशेबाने माणूस हजार वर्षं जगतो. म्हातारपण मोजलंच नाही ना!

हे गणित मुळात विम्यातलं. १६९३ मध्ये एडमंड हॅलीने (हो, धूमकेतूवाला) ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुष्याचा तक्ता मांडला. आपल्याकडे परदेशी विमा कंपन्या हिंदी माणसाकडून जास्त हप्ता घेत. त्याचं आयुष्य कमी, असं त्यांनी धरलेलंच होतं. १८७० मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिने हिंदी माणसांचा विमा नेहमीच्या दराने उतरवला.

डिस्कच्या बाबतीत हा हिशेब चव्हाट्यावर आला २००७ मध्ये. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या बदलीच्या नोंदी तपासल्या. कागदावर वर्षाला जास्तीत जास्त ०.८८ टक्के डिस्क जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के सर्रास, काही ठिकाणी तर १३ टक्क्यांपर्यंत बदलाव्या लागल्या होत्या. मधली काही वर्षं डिस्क निर्धास्त चालते हा समजही टिकला नाही. वयाबरोबर बदल्या वाढतच होत्या. हा गिब्सन म्हणजे १९८८ मध्ये 'रेड' मांडणाऱ्या तिघांपैकी एक. स्वस्त डिस्क मरणारच, हे धरूनच त्यांनी रचना केली होती.

त्याच परिषदेत गूगलनेही लाखाहून जास्त डिस्कचा हिशेब मांडला. उष्णतेने डिस्क मरते असं आपण मानतो (मी मे महिन्यात तिच्यावर पंखा धरायचो), पण तो संबंध फारच कच्चा निघाला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, तिच्यातल्या चार मुख्य खुणांपैकी एकही मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांमध्ये दिसली नव्हती. आमचीने निदान टकटक तरी केली. ऐकून मी काय केलं? चार्जर बदलून बघितला.

रोज ट्रेनने रबाळे-ऐरोलीच्या डेटा सेंटरवरून जातो. तिथे एक डिस्क गेली तर कोणाला पत्ताही लागत नाही, दुसरी बसते. आमच्याकडे एकच होती.

परवा मामाच्या जुन्या फोनमध्ये आजीचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ सापडला. आरतीत ती टाळ चुकवते आणि हसते. तो आता तीन ठिकाणी ठेवलाय.